कृ. मा. प.

प्रतीक्षानगर, रात्रशाळा, दहावी ब.
दिवसा इथे तिसरीची पोरं बसतात,
म्हणून बाकं गुडघ्याला लागतात
आणि भिंतीवर रंगवलेले पाढे, बे एके बे.

मी फळ्यावर डोंगर काढला.
पायथ्याशी लिहिलं आरंभ,
चढावर अडचण, वर त्याहून मोठी अडचण,
टोकाला कळस,
पलीकडच्या उतारावर उकल
आणि खाली सपाटीला शेवट.
'गोष्ट अशी चढते, अशी उतरते.'
खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने
मी तोच डोंगर पुन्हा गिरवला.

सोपान धायगुडेने हात वर केला.
वरळीच्या एका बेचाळीस मजली टॉवरमध्ये तो लिफ्टमन
(सोपान म्हणजे जिना, हे पहिल्याच दिवशी सांगून झालंय).
'बाई, चढउतार तर मी रोज करतो, आठ तास.
त्यात काही गोष्ट होत नाही.
गोष्ट होते लिफ्ट अडकली की.
परवा अठरा आणि एकोणीसच्या मध्ये
एक साहेब, त्यांचा कुत्रा आणि मी.
बावीस मिनिटं.
अकराव्या मिनिटाला साहेबांनी माझं नाव विचारलं.
चार वर्षांत पहिल्यांदा.'

'मग पुढे?' नाझनीनने मागून विचारलं.
'पुढे काय. लिफ्ट सुरू झाली.
दुसऱ्या दिवशी परत, ए, बेचाळीस.'

वर्ग हसला. मी फळ्याकडे पाहत होते.
ते अकरावं मिनिट डोंगरावर कुठे ठेवायचं
मला ठरवता येईना.

सरावाला मुद्दे दिले, बोर्डाच्या पेपरात येतात तसे:
रिक्षावाला — विसरलेली बॅग — शोध — परत — बक्षीस.
शीर्षक द्या. तात्पर्य लिहा. गुण पाच.
इरफान स्वतः रिक्षा चालवतो. म्हणाला,
'बॅगवाला दादरला राहत असला तर?
सायनच्या पुढे आम्हाला सोडतच नाहीत.'
म्हटलं, हीच अडचण. हीच लिही.
तो खूष होऊन बाकावर वाकला.

घरी पेपर तपासले. सगळ्या बॅगा परत मिळाल्या होत्या.
बक्षीस कुणी शंभर दिलं, कुणी पाच हजार,
नाझनीनच्या बॅगवाल्याने नुसतं थँक्यू म्हणून दार लावलं.
तिला मी अर्धा गुण जास्त दिला.

शेवटचा पेपर हेमलता कांदळगावकरचा.
वय त्रेचाळीस. मुलगी बारावीला, आई दहावीला.
तिने मुद्दे घेतलेच नव्हते. शीर्षकाची जागा मोकळी.

'मी चौथीत होते. गिरगावातली आमची बिल्डिंग धोक्याची ठरली.
दोन वर्षांसाठी म्हणून इथे कॅम्पात आणलं.
बाबांनी देव्हारा खोक्यातून काढला नाही,
परत बांधायचा कंटाळा.
मग यादी लागली, नाव नव्हतं.
मग आजी गेली. मग बाबा कोर्टात जाऊ लागले.
मग यादी लागली. मग माझं लग्न झालं, समोरच्याच कॅम्पात.
मग बाबा गेले. मग यादी लागली.
मग देव्हारा माझ्याकडे आला.
खोक्यातच आहे.'

वर्गात मी नेहमी सांगते, मग-मग करू नका.
'म्हणून' लिहा, 'तरीही' लिहा, 'कारण' लिहा,
त्याशिवाय नुसत्या घटना, कथानक नाही.
लाल पेन घेऊन एकेका 'मग'च्या जागी
'म्हणून' बसवून पाहिलं.
एकही बसेना.

पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात,
नीट टिंबं देऊन: कृ. मा. प.
मी पान उलटलं.
मागे कोरं.

घंटा झाली असेल.
तिला नळावरही जायचं असतं, सव्वानऊला पाणी येतं.

मी पुन्हा पुढे आले, पुन्हा मागे पाहिलं.
गुणांची चौकट रिकामी आहे.
पेपर उद्या द्यायचेत.